उडालेला फ्यूज आणि त्याचें कारण

सायंकाळीं अभ्यासास बसावें आणि दिवा एकाएकीं मालवावा, पंखा फिरतां फिरतां मंद होऊन थांबावा, आणि खिडकींतून पाहिलें तर शेजारच्या घरीं मात्र लख्ख उजेड असावा, हा अनुभव परभणी जिल्ह्यांतील कोणत्याहि घरास नवा नाहीं. घरांतील कोणी मोठा माणूस म्हणतो, "फ्यूज उडाला वाटतें." मग स्टुलावर चढून मेन स्विचाजवळची चिनी मातीची ग्रिप ओढली जाते, हाताशीं सांपडेल ती तार तिच्यांत गुंडाळली जाते, दिवा पुन्हां लागतो, आणि सर्व मंडळी तें प्रकरण विसरून जातात. दिवा लागला म्हणजे दोष गेला, अशी आपली समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे, आणि कित्येकदां ती घातकहि ठरते. फ्यूज हा दोष नव्हे. तो दोषाची वार्ता आणणारा जासूद आहे. तो कां उडाला हें न विचारतां जाड तार घालून मोकळें होणें म्हणजे रात्रीं कुत्रा भुंकला असतां चोर कोठें आहे हें न पाहतां कुत्र्याचेंच तोंड बांधण्यासारखें आहे. फ्यूज काय करतो, तो उडाल्यावर कारण कसें हुडकावें, आणि कोणत्या ठिकाणीं आपण मुळींच हात लावूं नये, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

१. फ्यूज म्हणजे काय?

तारेंतून विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं तार तापते. ती किती तापते याचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असें त्यानें प्रयोगानें दाखविलें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट होते. इस्त्री, गीझर, विजेची शेगडी हीं सर्व याच नियमावर चालतात. परंतु जी उष्णता इस्त्रींत उपयोगी पडते तीच भिंतींतील तारेंत उत्पन्न झाली तर तारेवरचें वेष्टण वितळतें, तारा एकमेकींस भिडतात, आणि घरास आग लागते.

हें टाळण्यासाठीं प्रवाहाच्या वाटेवर मुद्दाम एक बारीक तुकडा ठेवितात. घरांतील सर्व तारांहून तो दुबळा असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं प्रथम तोच तापतो, वितळतो आणि तुटतो. वाट तुटली कीं प्रवाह थांबतो, आणि बाकीच्या तारा वांचतात. हा तुकडा म्हणजेच फ्यूज. पूर्वीं तो शिशाचा किंवा कथिलाचा करीत, कारण कथील २३२ अंशांवर आणि शिसें ३२७ अंशांवर वितळतें. हल्लीं घरगुती ग्रिपमध्यें कल्हई केलेली तांब्याची बारीक तार घालतात. तांबें १०८५ अंशांवर वितळतें. म्हणून ही तार फार बारीक असावी लागते.

अमेरिकेंतील थॉमस एडिसन यानें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील आपलें वीजकेंद्र १८८२ सालीं सुरू केलें; परंतु सुरक्षक तारेचें पेटंट त्यानें त्यापूर्वींच, १८८० सालीं, घेतलें होतें. वीज घरोघर नेण्याच्या आधींच तिला आंवरण्याची योजना करावी लागली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आपल्या जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण आहे. तेथील जलविद्युत्केंद्राचे तीन संच मिळून साडेबावीस मेगावॉट शक्ति उत्पन्न करूं शकतात. अशा अनेक केंद्रांची शक्ति ज्या जाळ्यांत एकवटलेली असते, त्या जाळ्याचें एक टोंक आपल्या घरांतील बटणापर्यंत आलेलें आहे. एवढ्या प्रचंड शक्तीच्या आणि आपल्या घराच्या मध्यें पहाऱ्यास उभा असतो तो हा केसासारखा बारीक तुकडा.

२. तार किती जाडीची असावी?

हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॉटच्या आंकड्यास विजेच्या दाबानें, म्हणजे २३० नें, भागावें. उत्तर अँपिअरमध्यें येतें. १००० वॉटची इस्त्री ४.३५ अँपिअर घेते. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. २०० वॉटचा कूलर एक अँपिअरहूनहि कमी घेतो. इस्त्री आणि गीझर एकाच फ्यूजवर एकदम चालविले तर प्रवाह तेरा अँपिअरच्या वर जातो. दिवे व पंखे यांच्यासाठीं घातलेला पांच अँपिअरचा फ्यूज त्या वेळीं उडेल तर त्याचा दोष कोणता? त्यानें आपलें कर्तव्यच केलें.

कल्हईच्या तांब्याच्या तारेचें प्रमाण असें आहे :

५ अँपिअरसाठीं ०.२० मिलिमीटर व्यासाची तार;
१० अँपिअरसाठीं ०.३५ मिलिमीटर व्यासाची तार;
१५ अँपिअरसाठीं ०.५० मिलिमीटर व्यासाची तार.

हे आंकडे तार किती प्रवाह सुखानें वाहील याचे आहेत. ती प्रत्यक्ष वितळते त्याच्या सुमारें दीड ते दोनपट प्रवाहाला. वितळण्याचा प्रवाह काढण्याचें एक जुनें सूत्र विल्यम प्रीस या ब्रिटिश तारखात्यांतील अभियंत्यानें दिलें आहे. तांब्याच्या तारेचा व्यास मिलिमीटरमध्यें घ्यावा, त्याचें वर्गमूळ काढून त्यास त्याच व्यासानें गुणावें, आणि आलेल्या संख्येस ८० नें गुणावें. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेसाठीं हें उत्तर सुमारें २८ अँपिअर येतें.

आतां हाताशीं सांपडेल ती तार घातल्यानें काय होतें तें याच सूत्रानें पाहूं. घराच्या वायरिंगमध्यें नेहमीं वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. तिचा व्यास जवळ जवळ १.४ मिलिमीटर असतो. सूत्रांत घातलें असतां ती सुमारें १३२ अँपिअरला वितळेल असें दिसतें. म्हणजे जी तार भिंतींत आहे तीच फ्यूजमध्यें घातली! भिंतींतील तारेचें वेष्टण वीस-पंचवीस अँपिअरचा प्रवाह वाहत राहिल्यासच जळूं लागेल. फ्यूज मात्र शांत बसेल. ज्यानें प्रथम तुटावयाचें तो शेवटीं तुटणार असेल, तर त्यास फ्यूज म्हणतां येत नाहीं.

३. घरांतील शोध

फ्यूज उडाला असतां घाई न करितां प्रथम तीन प्रश्न स्वतःस विचारावे.

पहिला प्रश्न : अंधार कोठवर आहे? सर्व गल्लींत असेल तर आपल्या फ्यूजचा संबंध नाहीं. आपल्याच घरीं असेल तर मेन फ्यूज पाहावा. एकाच खोलींत असेल तर त्या खोलीचा फ्यूज पाहावा. एकच उपकरण बंद पडलें असेल आणि त्याच प्लगवर दुसरा दिवा लागत असेल, तर दोष त्या उपकरणांत किंवा त्याच्या दोरींत आहे. या एका प्रश्नानें शोधाचें क्षेत्र पुष्कळच लहान होतें.

दुसरा प्रश्न : फ्यूज उडतांना काय घडलें? कोणी बटण दाबतांच उडाला, कीं सर्व कांहीं अर्धा तास चालून मग उडाला? बटण दाबतांच उडाला असेल तर त्या उपकरणांत दोन तारा भिडल्याचा संशय घ्यावा. कांहीं वेळानें उडाला असेल तर भार अधिक झाला असावा, किंवा ग्रिपचे स्क्रू सैल असावे. सैल सांध्यांत उष्णता उत्पन्न होते, आणि भार नेहमींचा असतांहि तार वितळते.

तिसरा प्रश्न : तुटलेली तार कशी दिसते? हा प्रश्न मेन स्विच बंद करून आणि ग्रिप बाहेर काढूनच विचारावयाचा आहे. तार मध्येंच एका जागीं तुटून टोंकांस बारीक गोळे आले असतील तर बहुधा भार अधिक झाला होता. सबंध तार नाहींशी होऊन ग्रिपच्या खोबणीवर काळा डाग आणि तांब्याचे थेंब उडाले असतील तर प्रवाह एकदम फार मोठा आला होता. म्हणजे कोठें तरी शॉर्ट सर्किट झालें आहे. तार स्क्रूपाशींच तुटली असेल तर स्क्रू सैल होता, किंवा आंवळतांना तार चेपली होती.

आतां कृति सांगतों. मेन स्विच बंद असतांना घरांतील सर्व प्लग काढावे आणि दिव्या-पंख्यांचीं बटणें बंद करावीं. ग्रिपमध्यें योग्य जाडीची एकच तार, न ताणतां, दोन्हीं टोंकांस स्क्रूखालीं नीट बसवावी. ग्रिप जागीं घालून मग मेन स्विच चालू करावा. कोणतेंहि उपकरण जोडलेलें नसतां फ्यूज लगेच उडाला, तर दोष वायरिंगमध्यें आहे. कोठें तरी तारेचें वेष्टण उंदरानें कुरतडलें असेल, पावसाचें पाणी भिंतींत मुरलें असेल, किंवा खिळा ठोकतांना तो तारेंतून गेला असेल. येथें आपला शोध थांबवावा आणि परवानाधारक वायरमनास बोलवावें. दुसरी तार घालून पुन्हां पाहूं नये.

फ्यूज टिकला तर एकेक बटण आणि एकेक प्लग सावकाश चालू करावा. ज्याच्या पाळीस फ्यूज उडेल तोच अपराधी. सर्व एकेकटे चालतात पण एकत्र चालविले कीं फ्यूज उडतो, असें दिसलें तर कोणतेंच उपकरण बिघडलेलें नाहीं. भार वाढला आहे. त्याचा उपाय जाड फ्यूज हा नव्हे. गीझर, इस्त्री यांसारख्या अधिक प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठीं योग्य जाडीच्या तारेची निराळी ओळ वायरमनाकडून घालून घ्यावी.

पुष्कळ घरांत आतां ग्रिपच्या ऐवजीं एम.सी.बी. असतात. तेथें तार बदलावी लागत नाहीं, खालीं पडलेला खटका वर केला कीं झालें. पण शोधाची रीत हीच. एम.सी.बी. पुन्हां पुन्हां पडत असेल तर तो खराब झाला असें म्हणून मोठा बसविण्यापूर्वीं तो काय सांगत आहे तें ऐकावें.

४. उपकरणाच्या पोटांतील फ्यूज

घराच्या फ्यूजखेरीज कित्येक उपकरणांच्या पोटांतहि एक लहान फ्यूज असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनांत वापरतात त्या ध्वनिवर्धकाचा ॲम्प्लिफायर घ्या. त्याच्या मागील बाजूस, जेथें दोरी आंत शिरते तेथें, एक काळें बूच असतें. तें फिरवून काढलें कीं आंत कांचेची एक नळी दिसते. बहुधा ती २० मिलिमीटर लांब व ५ मिलिमीटर जाड असते. तिच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरें कोरलेलीं असतात. आंकडा अँपिअर दाखवितो. त्यामागें 'एफ' हें इंग्रजी अक्षर असेल तर तो फ्यूज शीघ्र तुटणारा, आणि 'टी' असेल तर किंचित् धीर धरणारा. ज्या यंत्रांत मोठा ट्रान्सफॉर्मर असतो तें चालू होतांना क्षणभर अधिक प्रवाह घेतें. त्यास धीर धरणारा फ्यूज लागतो. तेथें शीघ्र फ्यूज घातला तर यंत्र निर्दोष असतांहि तो उडतो. म्हणून नवा फ्यूज घेतांना आंकडा आणि अक्षर दोन्हीं जुळलीं पाहिजेत.

इंग्लंडांत १९४७ सालीं जो चौकोनी तीन दांड्यांचा प्लग प्रमाण म्हणून ठरविला गेला, त्याच्या पोटांतच असा लहान फ्यूज असतो. तेथें राहणाऱ्या आपल्या नातलगांचा दिवा गेला कीं ते प्रथम प्लग उघडून पाहतात. आपल्या देशांतील प्लगमध्यें फ्यूज नसतो. म्हणून आपल्याकडे घरांतील फ्यूजवर अधिक जबाबदारी पडते.

कांचेची नळी उजेडासमोर धरून पाहावी. कांच स्वच्छ असून आंतील तार फक्त मध्यें तुटलेली दिसली तर प्रवाह मर्यादेहून थोडाच वाढला होता. कधीं कधीं तार केवळ जुनी होऊनहि तुटते. अशा वेळीं तशाच जातीचा नवा फ्यूज एकदां घालून पाहण्यास हरकत नाहीं. परंतु कांच आंतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर तार वितळली नसून तिची वाफ झाली आहे. आंत शॉर्ट सर्किट आहे याची ती खूण होय, आणि नवा फ्यूज घातला तर तोहि तत्क्षणीं जाईल. अशा यंत्रांत बहुधा दाब सरळ करणारे डायोड, किंवा कपॅसिटर, किंवा शेवटचे ट्रान्झिस्टर यांपैकीं कांहीं तरी जळलेलें असतें. प्लगपाशीं वाकून वाकून झिजलेली दोरी हेंहि नेहमींचें कारण आहे, आणि तें उघड्या डोळ्यांनीं सांपडतें. म्हणून प्रथम दोरी पाहावी.

दुरुस्ती करणारे कारागीर यासाठीं एक सुंदर युक्ति वापरतात. तिला ते सिरीज बोर्ड म्हणतात. संशयित यंत्र आणि १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, आंत तंतु असलेला दिवा, हीं दोन्हीं एकामागून एक अशीं जोडतात. २३० व्होल्टांवर या दिव्याचा विरोध ५२९ ओहम असतो. यंत्रांत पुरतें शॉर्ट सर्किट झालें असलें तरी त्या दिव्यामुळें ०.४३ अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊंच शकत नाहीं. दिवा पूर्ण तेजानें लागला तर यंत्रांत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर यंत्र बहुधा ठीक आहे. मुळींच न लागला तर वाट कोठें तरी तुटलेली आहे. फ्यूज न जाळतां दोषाचें निदान होतें. एल.ई.डी.चा दिवा या कामीं चालत नाहीं, कारण त्याचा विरोध तंतूसारखा साधा नसतो.

विद्यार्थ्यांनीं ही युक्ति समजून घ्यावी. पण ती जाणत्या कारागिराच्या हातूनच पाहावी, कारण त्या बोर्डावर वीज चालू असते. विद्यार्थ्यांनीं स्वतः करावयाचें तें इतकेंच : प्लग काढावा, दोरी पाहावी, नळी काढून उजेडांत पाहावी, तिचा आंकडा वहींत लिहावा. यंत्राचें झांकण काढूं नये. प्लग काढल्यावरहि कपॅसिटरमध्यें वीज कांहीं काळ साठून राहते, आणि ती जोराचा धक्का देऊं शकते. सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद नळीभोवतीं गुंडाळण्याची जी वाईट चाल आहे ती तर कोणीच स्वीकारूं नये.

५. जो फ्यूज उडावयास पाहिजे होता

आतांपर्यंत उडालेल्या फ्यूजचा विचार झाला. न उडालेला फ्यूज त्याहून भयंकर असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि घरोघर पत्र्याचे कूलर सुरू होतात. पत्रा, पाणी आणि वीज यांची ती एकत्र वस्ति. पंपाची तार ओली होऊन किंवा घासून तिचा पत्र्यास स्पर्श झाला तर सबंध कूलर विजेनें भारला जातो. अशा वेळीं पत्र्यास जोडलेल्या अर्थिंगच्या तारेंतून मोठा प्रवाह जमिनींत जावा, त्यानें फ्यूज उडावा, आणि कूलर निर्जीव व्हावा, अशी योजना असते.

पण ती योजना जमिनीवर अवलंबून आहे. अर्थिंगच्या वाटेचा एकंदर विरोध ५ ओहम असेल तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि पांच अँपिअरचा फ्यूज तत्काळ जातो. आपली काळी जमीन पावसाळ्यांत ओल धरते. उन्हाळ्यांत मात्र ती सुकून आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. तोच विरोध वाढून १०० ओहम झाला असें समजा. आतां प्रवाह केवळ २.३ अँपिअर. फ्यूज उडत नाहीं, कूलर फिरत राहतो, थंड वाराहि येतो, आणि पत्रा २३० व्होल्टांच्या जवळपास भारलेला राहतो. ओल्या हातानें त्यास शिवणाऱ्या मुलाच्या शरीराचा विरोध एक हजार ओहम धरला तर त्याच्यांतून ०.२३ अँपिअर जाईल. माणसाचा जीव घेण्यास याचा अल्प भागहि पुरतो. जेव्हां अर्थिंगची सर्वांत अधिक गरज, तेव्हांच ती सर्वांत दुबळी होते, ही आपल्या भागांतील अडचण नीट समजून घेतली पाहिजे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. फ्यूज घराचें रक्षण करतो. माणसाचें रक्षण त्याच्या एकट्याच्यानें होत नाहीं. त्यासाठीं दोन उपाय आहेत. पहिला, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत पाणी घालून ओला ठेवावा आणि तिची तपासणी वायरमनाकडून करून घ्यावी. दुसरा, आर.सी.सी.बी. नांवाचें उपकरण बसवावें. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज आडवाटेनें कोणाच्या तरी अंगांतून किंवा जमिनींत चालली, कीं तें क्षणाच्या अल्पांशांत वाट तोडतें. त्यावर तपासणीचें एक बटण असतें; तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. शिवाय कूलरमध्यें पाणी भरतांना प्लग नेहमीं काढलेला असावा. केवळ बटण बंद करणें पुरेसें नाहीं.

६. शेतांतील डी.पी.

आपल्यापैकीं बहुतेकांचीं घरें शेतीवर चालतात. म्हणून शेवटीं शेतांतील डी.पी.कडे, म्हणजे रोहित्राकडे, वळलें पाहिजे. तेथें फ्यूज वारंवार जातो, आणि त्याचें कारणहि हिशेबानें सांपडतें. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें साडेसात अँपिअर प्रवाह घेते. पण सुरू होतांना ती त्याच्या पांच-सहापट प्रवाह ओढते. ६३ के.व्ही.ए.च्या रोहित्राची पूर्ण शक्ति सुमारें ८४ अँपिअर आहे. त्यावर दहा मोटारी चालत असतील तर ७५ अँपिअर होतात. तें रोहित्रास झेपतें. परंतु सर्वांनीं ऑटो स्विच बसविलेले असतील तर वीज येतांच दहाहि मोटारी एकाच क्षणीं उठतात, आणि प्रवाह ४५० अँपिअरच्या घरांत जातो. फ्यूज उडतो. कोणी जाड तार घालतो. मग एके दिवशीं रोहित्रच जळतें, आणि उभें पीक पाण्यावांचून वाळत असतां सर्वांस नव्या रोहित्राची वाट पाहत बसावें लागतें.

याचा उपाय शेतकऱ्यांच्याच हातीं आहे. ऑटो स्विच काढून टाकावे. वीज आल्यावर दोन-दोन मिनिटांच्या अंतरानें एकेकानें मोटार सुरू करावी. प्रत्येक मोटारीस योग्य कपॅसिटर बसवावा, म्हणजे ती तेंच काम कमी प्रवाहांत करते. आणि आकडे टाकून चोरून वीज घेऊं नये, कारण त्याचा भार अखेर शेजाऱ्याच्याच फ्यूजवर पडतो. महावितरणहि हीच विनंती वारंवार करीत असतें. तीन फेजपैकीं एका फेजचा फ्यूज गेला तर मोटार फिरत नाहीं, नुसती घुरघुरते. तशीच चालू ठेवली तर तिची कॉईल जळते. म्हणून स्टार्टरमध्यें सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा.

पण डी.पी.चा फ्यूज स्वतः घालावयास मात्र कोणीहि जाऊं नये. त्या खांबावर वरच्या बाजूस ११,००० व्होल्टांचा दाब असतो. खालचा फ्यूज काढला तरी वरच्या तारा जिवंतच असतात. खांबावरचा स्विच खालीं ओढला तरी त्याचीं तिन्हीं पातीं खरोखर सुटलीं आहेत कीं नाहींत, हें अंधारांत दिसत नाहीं. वीज गेली आहे असें समजून हात घालावा, आणि पाळीची वेळ झाली म्हणून ती दूरच्या उपकेंद्रांतून यावी, असेंहि होऊं शकतें. रात्रीची वेळ, पायाखालीं पाणी दिलेल्या शेताची ओल, हातीं साधी पक्कड. अशा स्थितींत घरचा कर्ता पुरुष गेल्याच्या बातम्या मराठवाड्यांत पुन्हां पुन्हां वाचावयास मिळतात. एका पाण्याच्या पाळीची किंमत तितकी नाहीं. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि लाईनमनाची वाट पाहावी.

कोणास धक्का बसलाच तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तें शक्य नसेल तर, घरगुती दाबाची वीज असतांना, कोरड्या लाकडी काठीनें त्यास तारेपासून वेगळें करावें. उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र वीज बंद झाल्याची खात्री होईतों कोणीहि जाऊं नये. नंतर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास थांबला असल्यास ज्यास छाती दाबण्याची रीत येते त्यानें ती लगेच सुरू करावी.

७. पालकांस विनंति

आपल्या घरीं मेन स्विचाजवळ योग्य जाडीच्या फ्यूज तारेचें एक कार्ड, एक बॅटरी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर नेहमीं टांगलेलें असावें. अंधारांत योग्य तार हाताशीं नसते म्हणूनच अयोग्य तार घातली जाते. आज रात्रींच सर्व ग्रिप मुलांसमक्ष, मेन स्विच बंद करून, तपासाव्या, आणि जेथें जाड तार सांपडेल तेथें ती बदलावी. हें काम पांच-दहा रुपयांचें आहे, पण त्यावर सबंध घर अवलंबून आहे. मुलें हें पाहून शिकतील, आणि पुढें त्यांच्या घरीं जाड तार घातली जाणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, जो आपल्यास अडवितो तो आपला वैरीच असतो असें नाहीं. दिवा मालवून आपला अभ्यास थांबविणारा फ्यूज वस्तुतः आपल्यास सांगत असतो कीं कोठें तरी कांहीं तरी बिघडलें आहे. त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, कारण शोधावें, तें दूर करावें, आणि मगच नवी तार घालावी.

अभ्यासाचे प्रश्न

१. तुमच्या घरांतील सर्व उपकरणांचे वॉट लिहून काढा व प्रत्येकाचे अँपिअर काढा. कोणतीं दोन उपकरणें एका वेळीं एकाच फ्यूजवर चालवूं नयेत?
२. ०.३५ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार किती अँपिअरला वितळेल? प्रीसच्या सूत्रानें काढा.
३. कांचेच्या फ्यूजची नळी आंतून काळी झाली आहे. नवा फ्यूज लगेच कां घालूं नये?
४. अर्थिंगच्या वाटेचा विरोध ४६ ओहम असेल तर पांच अँपिअरचा फ्यूज उडेल काय? कारण द्या.
५. तुमच्या शेताच्या डी.पी.वर किती मोटारी आहेत हें वडिलांस विचारा. त्या सर्व एकदम सुरू झाल्यास प्रवाह किती होईल?